हॉस्पिटल सल्लागार व्हायचंय, तर कॉलेजात शिकवणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे का?

विचारणारे निपाणीचे बीएएमएस डॉक्टर आहेत, एमएचए (हॉस्पिटल व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी) करून सल्लागारीत यायचं म्हणतात. शिकवणं वाया जात नाही. ते सोडलंत तर सल्लागार म्हणून लवकरच कोरडे पडाल. 'मास्तर लोकांना दवाखान्यातलं काय कळतंय' हे मी बेळगावात फार ऐकलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

इथल्या एका खासगी हॉस्पिटलनं मला डिस्चार्जला होणाऱ्या उशिरासाठी बोलावलं. पेशंट खानापूर, चंदगड भागातले. सकाळच्या राउंडला 'आज घरी' म्हणायचे आणि बिल हातात पडेपर्यंत अंधार. एसटी चुकली की नातेवाइकांचा व्हरांड्यात मुक्काम. मालक डॉक्टर म्हणाले, बिलिंगला आणखी मुली घेऊ. मी म्हटलं, आधी फाइल कुठं थांबते ते बघू. ते हसले, "सर, हे वर्गात सांगायला बरं आहे ओ."

मी माझे कॉलेजचे विद्यार्थी घेऊन गेलो. एकेका फाइलमागे एकेक जण. सिस्टरची नोंद, उरलेली औषधं फार्मसीत परत, लॅबचे चार्ज, बिल, विम्याची किंवा आयुष्मानची मंजुरी, गेटपास. प्रत्येक टप्प्याची वेळ लिहिली. बिलिंगच्या मुली दुपारपर्यंत रिकाम्या बसलेल्या निघाल्या. फाइल अडायची डिस्चार्ज समरीपाशी, कारण ती लिहिणारा ज्युनिअर डॉक्टर ओपीडीतून सुटत नव्हता. वॉर्डबॉयही सगळ्या वॉर्डांची औषधं गोळा करून एकदाच फार्मसीत जायचा. मग उद्या जाणाऱ्यांची यादी आदल्या संध्याकाळी करायला लावली, समरीचा मसुदा आणि औषधांचा परतावाही तेव्हाच. पेशंट दुपारी सुटू लागले. ही मोजणी एकट्या सल्लागाराला झेपत नाही, आणि पगारी माणूस साहेबांच्या धाकानं खरी वेळ लिहीत नाही. विद्यार्थ्यांना कुणाचा धाक नव्हता.

विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयनं 2024 मध्ये विमा कंपन्यांना डिस्चार्जची कॅशलेस मंजुरी 3 तासांत द्यायला सांगितलंय. पण ते 3 तास हॉस्पिटलची विनंती पोचल्यावर सुरू होतात. समरीच संध्याकाळी गेली तर कंपनीच्या नावानं ओरडून काय मिळणार?

एमएचए? फी परवडत असेल तर करा, बेंगळुरू-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांत पदवी विचारतात. एनएबीएचच्या (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारं मंडळ) फायली भरून देण्यात पैसा लवकर येतो, पण तेवढ्यावर थांबू नका. एनएबीएचला पेशंटला समजेल त्या भाषेत संमती हवी असते, आणि आपल्याकडे अजून इंग्रजी फॉर्मवर अंगठे घेतले जातात. मराठी-कन्नड दोन्ही येत असेल तर तिथूनच सुरुवात करा.

सल्लागारीची बिलं मात्र फार रखडतात, तोवर घर कॉलेजच्या मानधनावरच चालतं. आणि विद्यार्थी वॉर्डात नेण्याआधी हॉस्पिटलची लेखी परवानगी घ्या, नोंदींत पेशंटचं नाव येऊ देऊ नका.