स्लॅब भिंतीवर नुसता टेकवलाय की जोडलाय?

दिवाळीनंतर बांधकामं सुरू झाली की तोच गोंधळ नव्याने पत्रांतून येतो, म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : सहा इंची साध्या (सळईविना) काँक्रीटच्या भिंतीवर स्लॅब अर्ध्या जाडीपर्यंतच टेकवला तर चालेल का?

नाही. पूर्ण जाडीवर घ्या. स्लॅब भिंतीवर संपत असेल, तर त्याचा भार टेकूच्या, म्हणजे भिंतीवर टेकलेल्या भागाच्या, आतल्या कडेपासून एक तृतीयांशावर येतो असं आयएस 456 हे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक धरतं. 150 मिमीच्या भिंतीत पूर्ण टेकूवर तो मध्यापासून 25 मिमी सरकतो, अर्ध्या टेकूवर 50. मग बाहेरच्या बाजूला ताण येतो आणि साध्या काँक्रीटला ताण सोसत नाही.

प्रश्न : मिस्त्री म्हणतो, ‘एवढा वजनदार स्लॅब जातोय कुठं? भिंतीतून स्लॅबमध्ये सळया कशाला?’

हे वाक्य मी प्रत्येक साइटवर ऐकतो. अहो, स्लॅब भिंतीवर बसतो तसाच तो भिंतीचं डोकंही धरून ठेवतो. म्हणूनच आयएस 456 सांगतं की हा सांधा, इतर आडवं बल नसलं तरी, भिंतीवरच्या उभ्या भाराच्या किमान 2.5 टक्के आडवा जोर सोसणारा हवा. मीटरला 10 टन भार असेल तर 250 किलो. तेवढं घर्षणानेही निभावेल, पण हादऱ्यात स्लॅब उचलला गेला की घर्षण संपलं. लंडनच्या 22 मजली रोनन पॉइंटमध्ये 16 मे 1968 ला 18व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. तयार पॅनेलची भिंत बाहेर फेकली गेली, अख्खा कोपरा कोसळला, 4 माणसं गेली. भिंती आणि स्लॅब एकमेकांना नीट धरून नव्हते.

तेव्हा भिंत ओततानाच उभ्या सळया वर सोडा आणि स्लॅबमध्ये वळवा. स्लॅब ओतण्याआधी भिंतीच्या माथ्यावरची सिमेंटची पांढरी साय तारेच्या ब्रशने खडी दिसेपर्यंत काढा. त्या सायीवरच ओतलं तर सांधा नावापुरता. सळई किती जाड, किती अंतरावर, हे मिस्त्रीने नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअरने ठरवायचं.

प्रश्न : सळया सोडायच्या राहिल्या. दुकानदार म्हणतो, भोक पाडून सळई चिकटवायचं केमिकल ओता.

केमिकल वाईट नाही, ‘ओता’ वाईट आहे. भोकात धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. फुंका, ब्रश फिरवा, पुन्हा फुंका. साध्या भिंतीत काठाजवळ भोक पाडलं तर कड फुटते, म्हणून आधी डिझाइन आणि काही सळया ओढून चाचणी. बाटलीवर छापलेल्या टनांवर घर उभारू नका.

प्रश्न : पाटणजवळ शेतघर बांधतोय, भिंती सळईविना चालतील?

कोयनेचा 1967 चा भूकंप तुमच्याच उशाशी झाला. नाही चालणार.

प्रश्न : गच्चीच्या स्लॅबखाली आडवी चीर आहे. दोन वर्षं लांबी (पुट्टी) भरतोय.

दोन वर्षं! 10 मीटरचा स्लॅब 25 अंशांच्या फरकाने अडीच मिमी लांबतो आणि भिंतीचा माथा ओढतो. हे कारण असेल तर गच्चीवर उष्णतारोधक थर लागेल. पण खचणं किंवा सुटलेला सांधा असेल तर गोष्ट वेगळी, आणि फोटोवरून ते मी सांगणार नाही. चिरेवर तारीख घालून काचेची पट्टी चिकटवा, चीर हलली तर ती तुटेल, आणि याच आठवड्यात इंजिनीअरला बोलवा. लांबीचा डबा तोवर बंद ठेवा.