न्यूरॉलॉजीत संशोधन करायचं तर परदेशी राहावंच लागतं का?

तुम्ही विचारलंय की एमबीबीएसनंतर न्यूरॉलॉजीत संशोधन करायचं तर देश सोडावाच लागतो का, आणि सरकारी रुग्णालयाची ओपीडी सांभाळून इथे कोणी खरोखर नवं काही शोधलंय का.

शोधलंय. डॉ. नोशिर वाडिया यांचं काम वाचा. जन्म सुरतेचा, १९२५ चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण, मग लंडनला न्यूरॉलॉजिस्ट रसेल ब्रेन यांच्या हाताखाली प्रशिक्षण. १९५७ मध्ये परत येऊन त्यांनी भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजी विभाग उभा केला. शिकले लंडनला, पण त्यांचा सर्वांत मोठा शोध भायखळ्याचा.

तोल जाणारे, पाय फाकून चालणारे, जीभ जड झालेले रुग्ण त्यांच्याकडे येत. लहान मेंदू झिजवणारे आनुवंशिक आजार तेव्हाही माहीत होते. वाडियांनी टिपले ते डोळे. या बोटाकडून त्या बोटाकडे बघा म्हटलं की तुमची-माझी नजर झटकन उडी मारते. या रुग्णांची नजर मात्र संथपणे सरकत जायची, आणि त्यांच्या आजारी नातलगांचीही तशीच. अशा नऊ कुटुंबांचा अभ्यास त्यांनी आर. के. स्वामींसोबत १९७१ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेव्हा एमआरआय नव्हतंच. होती ती तपासणारी नजर, आणि घरातल्या इतरांनाही बोलावून बघण्याची चिकाटी.

या आजाराचं जनुक सापडलं १९९६ मध्ये. आज आपण त्या आजाराला एससीए-२ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार २) म्हणतो. त्या जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं बहुतेकांत २२ वेळा येतात. ती ३३ किंवा त्याहून जास्त वेळा आली की आजार होतो, आणि जितकी जास्त तितका तो साधारणपणे लवकर सुरू होतो. मी स्वतः अटॅक्सियाचे, म्हणजे असा तोल जाणारे, रुग्ण बघते. नजर अशी संथ दिसली की आधी एससीए-२ चीच चाचणी सांगते. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे तपासायला आलेल्या मुलीचा पहिला प्रश्न बऱ्याचदा स्वतःच्या लग्नाचा असतो. त्या प्रश्नाला आज नेमकं उत्तर देता येतं, याचं मोल मला फार वाटतं.

१९७१ मध्येच मुंबईत डोळ्यांची साथ आली. त्यानंतर काहींचे पाय लुळे पडू लागले. तो संबंधही वाडिया आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

तुमच्यापुढचा रस्ता लांब आहे: एमडी मेडिसिनची तीन वर्षं, मग न्यूरॉलॉजीतल्या डीएम या पुढच्या पदवीची तीन. परदेशी फेलोशिप मिळाली तर जरूर जा, तंत्र शिकून या. पण डीएमला असतानाच एखादा आजार धरा, वंशावळ स्वतःच्या हाताने काढा, आणि गावाकडच्या काका-आत्यांनाही संमती घेऊन तपासा. जनुकांच्या कामासाठी दिल्लीची आयजीआयबी ही जनुकसंशोधन संस्था आणि बंगळुरूची निमहान्स ही मेंदू व मनोविकारांची संस्था आहेत. तिथे नमुने न्यायचे तर तुमच्या नोंदी चोख हव्यात, म्हणून पहिल्या वर्षापासूनच रजिस्टर ठेवा.