रेझिनचा रणगाडा आणि अकरावीचं वर्ष

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा अकरावी सायन्सला आहे. झोपायच्या खोलीत रेझिनच्या, म्हणजे प्रकाशाने थराथराने घट्ट होणाऱ्या द्रवाच्या, थ्रीडी प्रिंटरवर छोटे रणगाडे बनवतो, वॉरगेमिंगवाल्यांना, म्हणजे टेबलावर छोट्या सैन्यांच्या लढाया खेळणाऱ्यांना, विकतो आणि आता जेईईचा क्लासच नव्हे, शिक्षणही सोडून हेच करायचं म्हणतो. ‘हे खेळणं की करिअर?’ हा तुमचा प्रश्न. त्याने बनवलेला सेंच्युरियन रणगाडा तुम्ही पाठवलात, तो समोर ठेवूनच लिहितोय.

आधी तब्येतीचं. प्रिंटर झोपायच्या खोलीतून आजच हलवा. कच्चं रेझिन कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते आणि ती सहसा जात नाही. नायट्राइलचे हातमोजे, योग्य मास्क, खेळती हवा हवीच. प्रिंट धुवायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल पटकन पेट घेतं. समई-गॅसजवळ नको, आणि वापरलेलं मोरीत ओतायचं नाही.

आता रणगाडा. 1965 च्या भारत-पाक युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला लढलेल्या सेंच्युरियनचा सांगाडा सुमारे साडेसात मीटर लांब. 1/100 मापात तो साडेसात सेंटिमीटर होतो. पण चाकांवरचा दोन-तीन मिलिमीटरचा पत्रा त्याच हिशेबाने मिलिमीटरचा दोन-तीन शतांश भरतो, आणि रेझिनचा एकेक थरच साधारण 0.05 मिलिमीटरचा असतो. म्हणजे खरं माप पाळलं तर पत्रा उमटणारच नाही. तुमच्या मुलाने तो जाड केलाय आणि कडेला निमुळता आणलाय, त्यामुळे डोळ्याला पातळच वाटतो. तोफेची नळीही मुद्दाम जाड, कारण खेळताना बोट लागलं की ती मोडते. नगरच्या टँक म्युझियममध्ये उभं राहून काढलेली त्याची वहीतली चित्रं पाहिली. कुठे खरं माप सोडायचं हे त्याला कळतं, आणि ताई, हे शिकवून सहज येत नाही.

प्रिंटर पैसे टाकले की कुणालाही मिळतो. ही नजर मात्र प्रॉडक्ट डिझाइनमध्ये, दागिन्यांच्या कॅडमध्ये (संगणकावरच्या आराखड्यांत), दातांच्या लॅबमध्ये लागते. दागिन्यांत तर जळून जाणाऱ्या रेझिनचा नमुना छापून त्यावरून ओतकाम करतात. त्याने डिझाइनच्या पदवीचा विचार करावा. आयआयटी बॉम्बे घेते ती यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा बारावीच्या कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते. ती जानेवारीत असते, अर्ज आधीच्या वर्षीच भरावे लागतात. अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) प्रवेश परीक्षा वेगळी.

म्हणून माझं मत: जेईईचा क्लास सोडला तरी चालेल, पण बारावी नीट व्हायलाच हवी. वाचलेल्या वेळात रोज हाताने चित्र काढू दे.

धंदा शनिवार-रविवारपुरता चालू ठेवा, फक्त हिशेब लिहायला लावा. रेझिन, फसलेले प्रिंट, हातमोजे, कुरियर, शिवाय त्याचे स्वतःचे तास. फसलेले प्रिंट मुलं धरत नाहीत आणि नफा झाला असं समजतात. आणखी एक. इतरांनी बनवलेल्या, विकत घेतलेल्या थ्रीडी आराखड्यांच्या फायलींवरूनही तो रणगाडे छापून विकतो, असं तुम्ही लिहिलंय. वैयक्तिक वापराच्या परवान्यात ते बसत नाही. विक्रीचा परवाना घ्यावा, नाहीतर स्वतः बनवलेलंच विकावं.

सेंच्युरियन परत पाठवतोय. नळीभोवती कापूस गुंडाळलाय, डबा त्यालाच उघडू द्या.