नैराश्यात मेंदूतल्या जाळ्यांची (म्हणजे एकत्र काम करणाऱ्या भागांच्या गटांची) रचना खरंच बदलते का?
रचना वेगळी असते हे खरं, पण नैराश्य आलं म्हणून ती बदलली, असं सरळ नाही. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिसिनमधल्या संशोधकांनी काही रुग्णांचे एमआरआय कित्येक महिने पुन्हापुन्हा काढले. २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे संशोधन छापून आलं. कशाकडे लक्ष द्यायचं हे ठरवणारं ‘सेलियन्स नेटवर्क’ बहुतेक रुग्णांच्या मेंदूच्या बाह्यपटलावर जवळजवळ दुप्पट पसरलेलं होतं. शेजारच्या जाळ्यांचा बांध कोरावा तसं! मूड सुधारला तरी हद्द तीच. पुढे नैराश्य आलेल्या मुलांमध्येही हा पसारा आधीपासूनच दिसला, म्हणजे हा आजाराचा व्रण नसून आधीचाच कल असावा. मूडबरोबर खालीवर होतो तो जाळ्यातल्या काही जोडण्यांचा जोर. आणि हो, निदानासाठी असा स्कॅन काढायला धावू नका, निदान अजून डॉक्टरांशी बोलूनच होतं.