बेक्ड नूडल्स पहिल्यांदाच करताय ना, मग हे आधी वाचा

अगं, सगळ्यात आधी एक सांगते, नूडल्स पूर्ण शिजवू नकोस. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिलीयेत त्याच्या २ मिनिटं आधीच गाळून घे, कारण उरलेलं शिजणं ओव्हनमध्ये सॉसमध्येच होतं, आणि आधीच मऊ झाल्या तर शेवटी नुसता लगदा होतो, मग मुलं तोंड पण लावत नाहीत.

व्हाइट सॉस घरीच कर, विकतच्यापेक्षा खूप स्वस्त पडतो. २५० ग्रॅम नूडल्सला ३ टेबलस्पून बटर, तेवढाच मैदा मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परतायचा आणि ३ कप दूध थोडं थोडं घालत ढवळत राहायचं, गुठळ्या होत नाहीत. सॉस तुला वाटतो त्यापेक्षा पातळच ठेव हं, नूडल्स बेक होताना भरपूर ओढून घेतात.

भाज्या फ्रीजमध्ये उरलेल्या असतील त्या चालतात, फक्त पाणी सुटणाऱ्या आधी परतून घे. चिकन कमी असेल तर निम्मं चिकन, निम्मा उकडलेला राजमा, पोटभरीचं होतं.

चीज सगळं आत घालू नकोस, थोडंसं वरून घालायला ठेव, त्यावर शिळ्या ब्रेडचा चुरा बटरमध्ये घोळवून. १८० डिग्रीला २० मिनिटं फॉइल लावून, मग काढून अजून १० मिनिटं. बाहेर काढल्यावर १० मिनिटं तसंच राहू दे, नाहीतर वाढताना सगळं पसरतं.