उठायला नको की जायला नको, हे आधी पाहा

तुम्ही लिहिले आहे की मुलगा दुसरीत आहे, सिंहगड रस्त्यावर त्याची व्हॅन सकाळी आठला येते आणि सात वाजल्यापासून घरात सुरू झालेली ओढाताण रोज रडण्यावर, कधी धपाट्यावर संपते. शिस्त कमी पडते आहे का, असेही तुम्ही विचारले आहे. माझी दोन्ही मुले या वयातून गेली आणि पुढे बरीच वर्षे मी प्राथमिक वर्गांना शिकवले. त्या आधारावर सांगते की शिस्तीचा विचार सर्वांत शेवटी करावा. मुलाला उठायला नको आहे की शाळेत जायला नको आहे, हे आधी पाहावे लागते, कारण दोन्ही घरांतली सकाळ बाहेरून सारखीच दिसते, पण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

हे ओळखायला रविवार उपयोगी पडतो. सारसबागेत जायचे ठरलेले असूनही मूल नऊपर्यंत हलत नसेल, उठल्यावर बराच वेळ किरकिर करत असेल आणि एरवी शाळेतून आल्यावर वर्गातल्या गोष्टी हौसेने सांगत असेल, तर प्रश्न बहुधा झोपेचा आहे. रविवारी सातलाच उठून खेळत बसणाऱ्या मुलाचे सोमवारी मात्र पोट दुखत असेल, तर प्रश्न शाळेचा किंवा शाळेच्या वाटेचा आहे.

तुम्ही दोघे हिंजवडीहून साडेआठ-नऊला घरी पोहोचता, मग जेवण, थोडा टीव्ही आणि अकराला झोप, असा दिनक्रम तुम्ही दिला आहे. त्यावरून मला तुमचा प्रश्न पहिल्या प्रकारचा वाटतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ मध्ये केली असून तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तिला पाठिंबा दिला आहे. अकराला झोपून सातला उठणाऱ्या मुलाला आठच तास मिळतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे परिपत्रक राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढले, ते मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार करूनच. मला तो निर्णय फार मोलाचा वाटला. मात्र अनेक घरांत सकाळी मिळालेला वेळ रात्रीच्या जागरणात गेला आणि मुलाच्या पदरात काहीच पडले नाही.

रात्रीची वेळ एकदम अकरावरून नऊवर आणता येत नाही; मूल अंथरुणात टक्क जागे राहते. त्यामुळे सुरुवात सकाळपासून करावी. उठण्याची वेळ पावणेसात ठरवावी, ती रविवारीही फार तर तासभर पुढे जाऊ द्यावी, आणि उठल्या उठल्या पडदे उघडून मुलाला गॅलरीत उजेडात न्यावे. शरीराचे घड्याळ उजेडावर चालते आणि सकाळी डोळ्यांवर उजेड पडला की रात्रीची झोपही लवकर येऊ लागते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा घरातले दिवे लावावेत. झोपण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणावी. घरी आजी आहेत, तर त्यांनी मुलाला साडेसातलाच जेवायला घालावे आणि तुम्ही आल्यानंतरचा अर्धा तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवून केवळ त्याचा असावा. दिवसभर न भेटलेल्या आई-बाबांसाठी मूल जागत असते, याची अनेक पालकांना कल्पनाच नसते. तो सहवास मिळाला की झोपेला होणारा विरोध बराच ओसरतो.

दप्तर, गणवेश, मोजे, पाण्याची बाटली हे सर्व रात्रीच एका जागी ठेवावे, याबद्दल अधिक लिहीत नाही. अंघोळीबद्दल मात्र लिहिते, कारण आपल्याकडे अंघोळीशिवाय शाळेत जाणे अनेकांना पटत नाही. थंडीत अर्धवट झोपेतल्या मुलाला न्हाणीघरात ओढण्यापेक्षा संध्याकाळी खेळून आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ घालावी आणि सकाळी तोंड-हातपाय धुऊन घ्यावेत. आजींना हे आधी समजावून सांगावे, म्हणजे ऐन सकाळी मुलासमोर वाद होत नाही.

जाग आल्यानंतर मेंदूवरची गुंगी उतरायला पंधरा ते तीस मिनिटे लागू शकतात. त्या वेळात सूचना देऊ नयेत. जवळ बसावे, पाठीवरून हात फिरवावा. नंतर कोमट दूध, तूप-गुळाची पोळी किंवा मऊ उपमा असे काही थोडेसे खायला द्यावे आणि मगच शौचाला बसवावे, कारण खाल्ल्यावर आतड्यांची हालचाल वाढते. हा क्रम उलटा आणि घाईचा असला की पोट साफ होत नाही, आणि शाळेतल्या स्वच्छतागृहात जायला अनेक मुले तयार नसतात. मग दिवसभर पोट दुखते आणि शाळा नकोशी वाटू लागते.

स्वयंपाकघरातून ‘लवकर आवर’ असे ओरडण्याचा सात वर्षांच्या मुलाला काही उपयोग नसतो. दहा मिनिटे म्हणजे किती, हेच त्याला नीट उमगलेले नसते. जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून एका वेळी एकच काम सांगावे. मोबाइल दाखवत भरवणे पूर्ण थांबवावे, असे माझे ठाम मत आहे, कारण व्हॅन यायच्या वेळी तो काढून घ्यावा लागतो आणि त्यावरून नवे भांडण उभे राहते. धपाट्याने मूल व्हॅनमध्ये बसते खरे, पण रडून आलेले मूल पहिल्या तासाला काहीही शिकू शकत नाही, हे मी वर्गात पुष्कळदा पाहिले आहे.

झोप नीट होऊनही नकार टिकला, तर दुसऱ्या कारणाकडे वळावे. सकाळी दुखणारे आणि दहापर्यंत थांबणारे पोट खरोखरच दुखत असते. भीती शरीरातून अशीच बोलते, म्हणून ‘नाटक करतोस’ असे म्हणू नये. ‘शाळेत काय झाले’ या प्रश्नाला मुले ‘काही नाही’ म्हणतात. डबा कोणाबरोबर खाल्ला, बाकावर शेजारी कोण असते, व्हॅनमध्ये कुठे बसतो, असे लहान प्रश्न विचारावेत. व्हॅनमधल्या मोठ्या मुलांचा त्रास पालकांच्या लक्षातच येत नाही. वर्गशिक्षिकांना शाळा सुटल्यावर शांतपणे भेटावे. शिक्षकांकडून मारहाण किंवा अपमान होत असेल, तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार त्याला बंदी आहे, हे मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. चौकशी चालू असताना गंभीर कारण नसेल तर मुलाला घरी ठेवू नये, कारण सुटकेची एक सकाळ दुसऱ्या दिवशीचे जाणे अधिक अवघड करते.

रात्री घोरणे, तोंडाने श्वास घेणे, जंतांमुळे गुदद्वाराजवळ खाज सुटून झोपमोड होणे किंवा फळा वाचताना डोळे बारीक करणे, यांपैकी काही दिसले तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

व्हॅन बंद करून स्वतः सोडायला जावे का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. त्या वेळच्या वाहतुकीत तुम्हालाच कामावर उशीर होऊन घाई वाढेल, म्हणून झोपेची वेळ बदलल्यानंतर तीन आठवडे थांबा. व्हॅनमध्ये त्रास होतो असे मुलाच्या बोलण्यातून कळले, तर मात्र एक दिवसही थांबू नका.