उष्णतारोधक की उच्चतापसह?

टायटॅनियम नायट्राइड, ॲल्युमिनियम नायट्राइड अशा सिरॅमिकना (धातू आणि नायट्रोजन यांच्या संयुगांना) मराठीत ‘उष्णतारोधक’ म्हणावं की ‘उच्चतापसह’, आणि सिरॅमिकसाठी ‘मृत्तिका’ चालेल का, असा प्रश्न आहे. पहिल्या जोडीत ‘उच्चतापसह’च योग्य, असं मी ठामपणे म्हणेन.

‘रोधक’ म्हणजे अडवणारा. काचलोकर उष्णता पलीकडे जाऊ देत नाही, म्हणून ती उष्णतारोधक. ॲल्युमिनियम नायट्राइडचं काम याच्या उलट आहे. ते पोलादापेक्षा कितीतरी जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं आणि वीज मात्र जाऊ देत नाही. तापणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागांखाली त्याच्या चकत्या बसवतात त्या याच गुणासाठी. त्याला उष्णतारोधक म्हटलं, तर वाचणारा नेमका चुकीचा पदार्थ निवडेल.

‘सहकुटुंब’मधला ‘सह’ निराळा. समासाच्या शेवटी येणारा ‘सह’ म्हणजे सोसणारा. ‘सर्वंसहा’ पृथ्वी आठवा. हे सोसणं नायट्राइडांना शोभतं. टायटॅनियम नायट्राइड सुमारे २९५० अंश सेल्सिअसला वितळतं, हाफ्नियम या धातूचं नायट्राइड त्याच्याही वर, ३३०० अंशांच्या आसपास. मात्र हे आकडे हवेतले नव्हेत. हवेत साधारण ६०० अंशांच्या पुढे टायटॅनियम नायट्राइडचं भराभर ऑक्सिडीकरण होतं आणि त्याचा सोनेरी रंगही जातो. म्हणून निव्वळ वितळबिंदूबद्दल बोलायचं असेल तर मी ‘दुर्गलनीय’ (सहजी न वितळणारं) लिहीन, आणि ‘उच्चतापसह’ लिहिलं तर निर्वातात की हवेत, तेही सांगेन.

‘मृत्तिका’ मात्र इथे नको. या पदार्थांत माती नसतेच. धातूची पूड नायट्रोजनमध्ये किंवा अमोनियात तापवतात. नाहीतर धातूचं ऑक्साइड कार्बनमध्ये मिसळून नायट्रोजनच्या प्रवाहात भाजतात, म्हणजे ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो. कापायच्या हत्यारांवरचा पातळ लेप तर बऱ्याचदा थेट टायटॅनियम टेट्राक्लोराइडची वाफ, हायड्रोजन आणि नायट्रोजन यांच्या अभिक्रियेतून बसतो. कुंभारकामाशी नातं उरतं ते एवढंच, की भुकटी दाबून आकार द्यायचा आणि भट्टीत तिचे कण न वितळता एकमेकांना चिकटवायचे. ‘सिरॅमिक’ हा शब्दही मुळात ग्रीकमधल्या कुंभाराच्या मातीवरून आला, पण त्याचा अर्थ आता पुष्कळ रुंदावला आहे. ‘मृत्तिका’चा तसा रुंदावलेला नाही. म्हणून ‘सिरॅमिक’च ठेवावा.

 

एक गोष्ट प्रश्नात नव्हती, पण महत्त्वाची आहे: शब्दांचा क्रम. ‘उच्चतापसह धातूंची नायट्राइडे’ लिहिलं की विशेषण धातूला चिकटतं आणि टंगस्टन, टँटलम असे मुळातच ताप सोसणारे धातू डोळ्यांपुढे येतात. ॲल्युमिनियम स्वतः ६६० अंशांनाच वितळतं. ताप सोसतं ते त्याचं नायट्राइड. तेव्हा ‘धातूंची उच्चतापसह नायट्राइडे’ असं लिहावं.